गळकी खोली सगळ्यात महाग: प्राण्यांची खाणावळ रचायची आणि रंगवायची कशी

"खोली क्रमांक ३ चे छप्पर अजिबात गळत नाही. ही शुद्ध फसवणूक आहे. आगाऊ रक्कम परत मिळावी."
(उडता बेडूक, सपत्नीक)

"माझ्यामुळे गादीला भोके पडली असे मालकीणबाई म्हणतात. गादीमुळे माझे सात काटे गेले, त्याचे काय?"
(साळिंदर, खोली क्रमांक ५)

प्राण्यांची एखादी गमतीशीर खाणावळ चितारायचं काम हातात आलं, की माझे पहिले दोन दिवस अशी पानं लिहिण्यात जातात. ही खाणावळीची तक्रारवही. ती निदान वीस नोंदींची होईपर्यंत मी एकही भिंत उभी करत नाही.

ही सवय मला भाचीने लावली. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी माझी पहिली खाणावळ रंगवली होती. दगडी शेकोटी, आरामखुर्च्या, कोट घातलेला कोल्हा, चष्मा लावलेला उंदीर, खिडकीत फुलांच्या कुंड्या. मेहनत भरपूर, रंगही बरे लागले होते. भाची तेव्हा पाच वर्षांची. तिने कोल्ह्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मावशी, हा बसलाय, पण याची शेपटी कुठे गेली?" मी ती खुर्चीच्या पाठीमागे लपवली होती, कारण खुर्चीतून काढायची कशी ते सुचलं नव्हतं. मग ती म्हणाली, "टोचत असेल त्याला." संपूर्ण चित्र त्या एका वाक्यात पडलं. मी माणसांचं हॉटेल काढलं होतं आणि माणसांना मुखवटे चढवले होते.

तेव्हापासून माझा एकच हिशेब आहे. पाहुण्याचं शरीर आणि त्याच्या सवयी गंभीरपणे घ्यायच्या, गंमत आपोआप येते. चित्र गोड दिसावं म्हणून टोप्या, झालरी, फुगे लावले की ते सगळ्या गोड चित्रांसारखं दिसतं. पुढे जे सांगतेय ते मी आंबोलीच्या घाटातल्या एका खाणावळीच्या उदाहरणाने सांगते, कारण ती माझ्या डोक्यात पूर्ण बांधून झालेली आहे.

गाव आधी, घर नंतर

"कुठेतरी एका जंगलात" असं म्हणू नका. कुठेतरीच्या जंगलात कुठलाही प्राणी येतो, आणि मग ससा, सिंह, पेंग्विन सगळे एका पंगतीला बसतात. जागा नक्की केली की पाहुण्यांची यादी आयती मिळते, आणि घराचं छप्परसुद्धा.

आंबोली सिंधुदुर्गात, सावंतवाडीहून घाट चढून वर. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. एवढ्या आकड्यावरून निम्मं घर ठरतं: उतरतं छप्पर, भिंतीपासून लांब बाहेर आलेली वळचण, उंच जोतं, झडीच्या बाजूला झापांची आडोशाची भिंत, आणि कपडे वाळत घालायला चुलीवरची दांडी. पाहुणे म्हणाल तर शेकरू, गवा, साळिंदर, खवले मांजर, पिसोरी, धनेश, वटवाघळं, हरियाल आणि बेडूकच बेडूक. आंबोलीचंच नाव लावणारा एक झाडबेडूक २००९ मध्ये शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. २०२० मध्ये हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडातल्या माशाची नवी जात म्हणून नोंद झाली, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैविक वारसास्थळ ठरली. हा मासा माझ्या खाणावळीचा कायमचा भाडेकरू आहे. परसातल्या कुंडात राहतो, कधीही वर येत नाही, तक्रारवहीत त्याची एकही नोंद नाही.

जागेबरोबर काळही ठरवा. मंगलोरी कौलं १८६५ नंतरची. त्याआधीची गोष्ट असेल तर नळीची अर्धगोल कौलं काढावी लागतील, आणि ती काढायला तिप्पट वेळ लागतो हे आत्ताच सांगून ठेवते. मी नळीचीच घेतली. सरळ रेघांच्या मंगलोरी कौलांपेक्षा ती जरा वेडीवाकडी बसतात आणि या घराला तेच शोभतं.

हंगामाचं मात्र भान ठेवा. धनेशाची मादी ढोलीत शिरून दार आतून लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि तीनेक महिने नर तिला त्या फटीतून भरवतो. खाणावळीच्या दृष्टीने याहून चांगलं गिऱ्हाईक नाही: एक खोली, एकच ताट, दार उघडायचा प्रश्नच नाही. पण हे सगळं उन्हाळ्यात घडतं. भर पावसाच्या चित्रात लिंपलेलं दार दाखवलंत तर पक्ष्यांचा नाद असलेला एखादा वाचक पत्र पाठवील. मी पावसाळ्याच्या चित्रात ती खोली रिकामी दाखवली आहे, आणि खाणावळीच्या मालकीणबाई, म्हणजे शेकरूबाई, खुरपं घेऊन दारावरचं वाळलेलं लिंपण खरवडतायत.

तक्रारवही लिहायची कशी

प्रत्येक प्राण्यासाठी तीन प्रश्न. हा झोपतो कधी आणि कसा? खातो काय आणि कशाने? चालतो कसा? उत्तरं खरी हवीत, म्हणून पुस्तकं काढा, व्हिडिओ बघा, जमलं तर जंगलात जाऊन गप्प बसा. मग स्वतःलाच विचारा, की माणसांसाठी बांधलेल्या लॉजमध्ये याची गैरसोय कुठे होईल. ती गैरसोय त्याच्या तोंडून लिहा, जरा सरकारी भाषेत. सरकारी भाषेत बेडूक फार छान रागावतो.

वर जी गळक्या खोलीची नोंद आहे ती अशीच सापडली. उडते बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचं घरटं चिकटवतात. आत अंडी असतात आणि पिल्लं खालच्या पाण्यात टपटप पडतात. म्हणजे या जोडप्याला कशी खोली लागेल? छताला एक ओली पानांची फांदी, आणि तिच्या बरोब्बर खाली पाण्याने भरलेलं घंगाळ. इतर पाहुणे गळतं म्हणून ओरडतात, हे गळत नाही म्हणून. बस, खोली क्रमांक ३ तयार झाली, तिचं भाडं सगळ्यात जास्त, आणि तिच्या खालच्या खोलीत राहणाऱ्या पिसोरीची तक्रारही तयार झाली.

दुसरी नोंद वटवाघळाची होती: "पलंग चुकीच्या बाजूला आहे." मग ती खोली मी उलटी केली. पलंग, उशी, चपला, पाण्याचा तांब्या सगळं छताला, आणि जमीन कोरी, सारवलेली. तांब्यातलं पाणी सांडत का नाही, असं भाचीने विचारलं होतं, म्हणून तांब्याला आता झाकण आहे.

सगळ्यात फायद्याची नोंद मालकीणबाईंच्या हिशेबात सापडली. वटवाघूळ दिवसा झोपतं, हरियाल रात्री. एकच खोली दोघांना देता येते आणि भाडं दोनदा घेता येतं. तिन्हीसांजेला दारात दोघांची गाठ पडते, एक जांभई देत येतोय, दुसरा जांभई देत निघालाय, आणि खुंटीवर एकाच वेळी दोघांच्या पिशव्या आहेत. हा प्रसंग मला आयता मिळाला, मी फक्त दोघांची वेळापत्रकं शेजारी मांडली.

एक नाजूक गोष्ट इथेच निकालात काढा. घाटात चापडा नावाचा हिरवा विषारी साप आहे आणि तो बेडूक खातो. पोरं हे विचारणारच. एक तर शिकाऱ्यांना यादीतून सरळ वगळा, नाहीतर खाणावळीला नियम द्या. देवळाबाहेर पादत्राणे काढतो तशी माझ्याकडे ओटीवर पाटी आहे: "भूक व सुळे बाहेर ठेवून आत यावे. गहाळ झाल्यास व्यवस्थापन जबाबदार नाही." खाली फडताळात क्रमांक लावलेल्या करवंट्या. एका करवंटीत सुळ्यांची जोडी. मुलांना हे लगेच पटतं. मोठ्यांना पटत नाही, पण त्यांच्यासाठी आपण काढत नाही.

बोटभर ते खिडकीबाहेर

मापांकडे दुर्लक्ष केलंत तर बाकी कितीही चांगलं काढा, घर खोटं वाटतं.

आधी खरी मापं लिहून काढा. झाडबेडूक साडेतीन सेंटिमीटर. शेकरूचं अंग सुमारे ३५ सेंटिमीटर आणि शेपूट त्याहून लांब. पिसोरी खांद्यापाशी जेमतेम ३० सेंटिमीटर, म्हणजे हरणाच्या रूपातला ससाच. गवा खांद्यापाशी पावणेदोन मीटर. बेडूक आणि गवा यांच्यात पन्नास पटींचा फरक आहे. ४२ सेंटिमीटर रुंद जोडपानावर गवा २० सेंटिमीटरचा काढलात तर बेडूक चार मिलिमीटरचा होतो. चार मिलिमीटरच्या बेडकाला राग दाखवता येत नाही.

म्हणून मापं दाबायची, पण क्रम मोडायचा नाही. मी पाच पायऱ्या करते आणि त्यांना आपल्याच मापांची नावं देते. बोटभर (बेडूक), वीतभर (वटवाघूळ, हरियाल), हातभर (शेकरू, पिसोरी, खवले मांजर), दारभर (साळिंदर, रानडुक्कर) आणि खिडकीबाहेर (गवा). कागदावर या पायऱ्या साधारण दीड, तीन, पाच आणि आठ सेंटिमीटर अशा बसतात. पाचवी पायरी मोजायची नाही. गवा कधीही पूर्ण दिसत नाही. एका पानावर खिडकीत त्याचं नाक, दुसऱ्यावर दाराबाहेर पांढरे पाय. गव्याला निसर्गानेच पांढरे मोजे घातलेत, त्यामुळे त्याच्या कपड्यांचा प्रश्न मिटतो. त्याच्यासाठी जेवणाची सोय म्हणजे एक खिडकी, जिची चौकट दर मोसमाला सुताराकडून रुंद करून घ्यावी लागते. ठिगळं दिसू द्या.

पट्टीवर पहिल्या चार पायऱ्या कायमच्या आखून ठेवा आणि प्रत्येक पान काढताना ती पट्टी बाजूला असू द्या. डोळ्यांवर भिस्त ठेवलीत तर दहाव्या पानापर्यंत बेडूक शेकरूएवढा होतो. आवडतं पात्र हळूहळू फुगतं, हा अनुभव आहे.

नकाशा, मग छेद

आता चौकटीच्या वहीत नकाशा काढा, म्हणजे वरून दिसणारं घर. एक चौकट म्हणजे शेकरूचं एक पाऊल. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परस, माळा. घर कोकणातलं असल्याने खोल्या मला शोधाव्या लागल्या नाहीत, त्या आहेतच. फक्त या घराच्या मधोमध एक जांभळीचं झाड आहे. घर झाडाभोवती बांधलंय, झाडात नाही. यामागे कारण आहे. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही, सगळा व्यवहार फांद्यांवरून. मग मालकीणबाई वाढप कसं करतील? वरून. त्या मागच्या पायांनी वाशाला धरून उलट्या लोंबकळतात, शेपटीने तोल सांभाळतात आणि दोन्ही हातांनी आमटी वाढतात. शेकरू झाडावर असंच लटकून खातं, मी नवीन काही घातलेलं नाही. पण त्यामुळे जेवणघराचे वासे खाली आणावे लागले, पंगत वाशांच्या रांगेखाली बसवावी लागली, आणि साळिंदराला कोपऱ्यात, कारण वरून वाढताना त्याच्या काट्यांत पदर अडकतो. एका सवयीने एवढी खोली रचून दिली.

नकाशावरून छेद काढायचा. घर सुरीने उभं कापलं आणि अर्धं बाजूला केलं तर जे दिसेल ते. मुलांना हे पान सगळ्यात आवडतं, आणि काढताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जिना वर जाऊन भिंतीत शिरतो, माळ्याला जमीन नसते, चुलीचा धूर कुठेच जात नाही. म्हणून छेद काढण्याआधी तीन गोष्टींचा प्रवास बोट फिरवून तपासते: पावसाचं पाणी कौलावरून कुठे जातं, धूर कुठून बाहेर पडतो, आणि सरपण कुठून आत येतं. पाणी माझ्याकडे पागोळ्यांतून पन्हाळीत, तिथून खोली क्रमांक ३ च्या घंगाळात, उरलेलं परसातल्या कुंडात जातं. धूर कौलांच्या फटींतून हळूहळू निघतो. वर माळ्यावर डास नाहीत म्हणून वटवाघळांची तक्रार आहे.

जिन्याला दोन चाली द्या. पायऱ्या हातभर मंडळींसाठी, आणि कठड्याच्या आत बोटभर मंडळींसाठी बारीक पायऱ्यांची दुसरी रांग. रंगवताना कंटाळा येतो, पण मुलं ती दुसरी रांग शोधून काढतात आणि मग प्रत्येक पानावर शोधतात.

नकाशा झाला की पुठ्ठ्याचं ओबडधोबड घर करा. बुटांचा खोका, कात्री, चिकटपट्टी, एक संध्याकाळ. त्यात मोबाइलचा टॉर्च ठेवून वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढा. सावल्या फुकट मिळतात.

सामानसुमान

परदेशी चित्रांमुळे आपल्या हाताला एक वळण पडलंय: उंदराची बादली म्हणजे शिवणकामाचं अंगुस्तान, थाळी म्हणजे शर्टाचं बटण, पलंग म्हणजे काडेपेटी. वाईट काहीच नाही, पण शंभरदा झालंय. आपल्या परसात काय पडलेलं असतं ते बघा. करवंटी, काथ्या, पोफळीची विरी, बिब्बा, गुंजा, पणती, संक्रांतीचं बोळकं, फुटका माठ, वाळलेल्या दोडक्याची जाळी. विरी म्हणजे पोफळीच्या झावळीचा बुंध्याला गुंडाळलेला भाग, तो गळून पडला की आयती परात. माझ्या खाणावळीत न्हाणीतलं घंगाळ म्हणजे बोळकं, पडवीतला झोपाळा म्हणजे विरी, दोडक्याची जाळी साळिंदराच्या पाठीला घासायला, आणि गुंजा म्हणजे नाणी. साळिंदर जेवल्यावर सुपारी मागत नाही, हाडूक मागतो. साळिंदरं हाडं आणि गळलेली शिंगं खरोखर कुरतडतात. तेव्हा गल्ल्याशेजारी बडीशेपेच्या वाटीऐवजी शिंगाचे तुकडे ठेवलेत.

वस्तू समोर ठेवून काढा. विरी आठवणीतून काढली तर ती होडी दिसते.

भिंतीवर काय? कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांत कावीचं काम असतं. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर, तो ओला असतानाच कोरून आतला पांढरा रंग उघडा करायचा. जलरंगात हे फार छान जमतं, कारण कागद मुळातच पांढरा आहे. ओटीच्या भिंतीला एक वीत रुंदीचा कावीचा पट्टा काढा, वेलबुट्टीत त्या घराचेच प्राणी घाला. एवढ्याने घराला पत्ता मिळतो.

पाट्या हा माझा कमजोर मुद्दा, कारण थांबता येत नाही. "उधारी फक्त कासवास." "फांदीवर ओले पंख वाळवू नयेत." अक्षरं मूळ चित्रावर रंगवू नका. वेगळ्या कागदावर लिहा आणि नंतर जोडा. पुस्तक दुसऱ्या भाषेत गेलं किंवा संपादकांनी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं तर चित्र खरवडावं लागत नाही. मी एकदा खरवडलंय.

मंडळी

प्रत्येक पात्र आधी आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात काढा. ही युक्ती मला सावंतवाडीच्या गंजिफांवरून सुचली. दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते असतात, आणि मत्स्य, कूर्म, वराह तळहाताएवढ्या जागेत चटकन ओळखू येतात. तुमचं पात्र त्या वर्तुळात, नुसतं काळं भरलं तरी ओळखू आलं पाहिजे. शेकरू शेपटीवरून, साळिंदर काट्यांच्या पिसाऱ्यावरून ओळखू येतं. पिसोरी मात्र पाठीच्या कमानीवरून आणि काडीसारख्या पायांवरून ओळखू यावी लागते, आणि हे मला चार प्रयत्नांनंतर जमलं.

कपडे एका पात्राला एकच. मालकीणबाईंना खोचलेला पदर, हमालाला डोक्यावरची चुंबळ, पावसातून आलेल्याला इरलं. पूर्ण कपडे चढवलेत की अंगाची हालचाल झाकली जाते, आणि राग-लोभ दाखवायला फक्त चेहरा उरतो. प्राण्याचा चेहरा फार बोलत नाही. कान, शेपूट, मान आणि वजन कुठल्या पायावर आहे हे बोलतं. साळिंदर चिडला की शेपटीचे काटे खुळखुळवतो, भुवया वर चढवायची गरज नाही.

खवले मांजर माझा रात्रीचा रखवालदार आहे. दात नाहीत, स्वभाव भित्रा, चोर दिसला की गुंडाळी करून बसतो. पण नखांमध्ये भिंत उकरायची ताकद आहे आणि आहार वाळवीचा, म्हणजे लाकडी घरात त्याला पगार द्यायलाच हवा. चालताना तो पुढची नखं आत दुमडून घेतो, हिशेब चुकलेल्या कारकुनासारखा. ही एक लकब पकडली की कंदील हातात द्यायची गरज पडत नाही. खवले मात्र एकेक मोजून काढू नका. आधी अंगाच्या वळणानुसार तिरप्या रेघांची जाळी हलकी आखा, उजेडाकडचे खवले पूर्ण काढा, सावलीतले नुसते सुचवा.

रंग चढवताना

प्रत्येक जोडपानासाठी काडेपेटीएवढी सहा-सात छोटी रेखाटनं, फक्त तीन छटांत: काळं, करडं, कोरं. डोळा आधी कुठे जातो ते इथेच ठरतं. घाटातल्या धुक्याचा फायदा घ्या. मागची झाडं काढायचीच नाहीत, कागद कोरा सोडायचा, आणि त्यातून एखादी फांदी बाहेर काढायची. आळस आणि अचूकपणा एकाच ठिकाणी क्वचित भेटतात.

पक्कं रेखाटन उजेडाच्या पेटीवर (खालून दिवा लावलेल्या काचेवर) ठेवून ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, जलरंगाच्या कागदावर उतरवते. पेटी नसेल तर सकाळची खिडकी चालते. कागद पाच मिनिटं भिजवून, निथळून, तपकिरी डिंकपट्टीने फळीवर ताणून रात्रभर वाळवायचा. पावसाळ्यात काम करत असाल तर ही "रात्रभर" दोन रात्रींची धरा. एका जुलैत मी वॉटरप्रूफ शाईवर भरवसा ठेवून संध्याकाळी रेघा मारल्या आणि सकाळी रंग चढवला. हवेतल्या ओलीने शाई पुरती वाळलीच नव्हती. पूर्ण छेदाचं पान, दोनशे-अडीचशे कौलं, सगळी राखाडी झाली. आता टेबलावर साठ वॅटचा बल्ब लावून फळी त्याखाली ठेवते. उरलेला कागद कडुनिंबाच्या पाल्यासह पत्र्याच्या पेटीत, नाहीतर बुरशीचे ठिपके रंग लावल्यावरच दिसतात.

रंग कमी घ्या. माझ्या पेटीत या कामासाठी सहाच होते: यलो ओकर, न्यू गॅम्बोज, बर्न्ट सिएना, सॅप ग्रीन, इंडिगो आणि थोडा अॅलिझरिन. क्रम असा. जिथे जिथे दिव्याचा उजेड पडणार तिथे आधी पिवळ्या गॅम्बोजचा अगदी पातळ हात, जेवणघर, खिडक्या, आणि खिडकीतून बाहेर ओल्या अंगणावर पडलेला चौकोन. तो पूर्ण वाळला की बाहेरचं सगळं जग इंडिगो आणि किंचित सिएनाच्या करड्या हातात. ही दोन थरांची भेट झाली की घर आतून पेटल्यासारखं दिसतं, आणि अजून एकही वस्तू रंगवलेली नसते.

मग चिरा, म्हणजे भिंतींचा जांभा दगड. कोरडा चिरा नारिंगी-तांबडा असतो, भिजलेला जवळजवळ जांभळट. सिएनात अॅलिझरिनचा थेंब टाका, जोत्याकडे गडद, वळचणीखाली कोरडा आणि फिकट. अजून ओलं असताना मिठाचे दोन-चार कण टाकले तर चिऱ्याची भोकं आपोआप उठतात. मीठ पूर्ण वाळल्यावरच झटका. वरच्या कडेला शेवाळ स्पंजच्या तुकड्याने टिपायचं.

पाऊस काढायचा मोह आवरा. तिरप्या पांढऱ्या रेघा मारल्या की चित्रावर ओरखडे दिसतात, पाऊस दिसत नाही. पागोळ्यांची एक ओळ काढा, जोत्याच्या दगडावर त्यांनी पाडलेले खळगे काढा, डबक्यातली वर्तुळं, निथळणारं इरलं, आणि दारात अंग झटकणारा कोणीतरी. माझ्या सगळ्या पुस्तकात पडणारा पाऊस एकदाच आहे, तोही खोली क्रमांक ३ मध्ये.

छापखान्याकडे जाण्याआधी

प्रत्येक पानाला चारी बाजूंनी कापणीसाठी तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र लागतं, मी सेंटिमीटरभर सोडते. जोडपानाच्या मधोमध बांधणीत साधारण सेंटिमीटर-सेंटिमीटर गिळलं जातं, तिथे चेहरा किंवा दार येऊ देऊ नका. पानांची संख्या आठाच्या पटीत ठेवलीत तर कागद वाया जात नाही. स्कॅन ६०० डीपीआयवर करून ठेवा. छपाईच्या मापाला ३०० पुरतात, पण उद्या कोणी भिंतीवर लावायला मोठं चित्र मागितलं तर हाताशी असावं. आणि नमुन्याची प्रत दिवसाच्या उजेडात बघा. ताजा हिरवा आणि नारिंगी हे दोन रंग छपाईच्या चार शाईंत हमखास मंदावतात, आणि आपला उडता बेडूक नेमका हिरवा, पायांचे पडदे नारिंगी. त्याच्या शेजारचे रंग जरा मळकट केले की तो पुन्हा उठून दिसतो. बेडूकच भडक करायला गेलात तर प्लास्टिकचा होतो.

शेवटी सगळी पानं जमिनीवर ओळीने मांडा, नकाशा हातात घ्या आणि प्रत्येक पानापाशी उभं राहून दार, चूल, जिना बोटाने दाखवत जा. दुसऱ्या कोणाला तरी बरोबर घ्या, आपले डोळे तोवर आंधळे झालेले असतात. मी एकटीनेच केलं.

मुखपृष्ठाच्या आतल्या दोन कोऱ्या पानांवर मी तक्रारवहीच्या रेघा आखल्या होत्या, वर "अनुक्रमांक, तक्रार, सही" असे रकाने, मुलांनी भरावेत म्हणून. पहिली प्रत भाचीला दिली. ती आता अठरा वर्षांची आहे, कॉलेजात जाते. दोन दिवसांनी पुस्तक टेबलावर परत आलं. पहिल्या रकान्यात १. दुसऱ्यात, माझ्याच सरकारी भाषेत: "पान ११ वर चूल माजघराच्या उजवीकडे असून पान १८ वर ती डावीकडे आढळते. आमटी कोणत्या चुलीवरची आहे याचा खुलासा व्हावा." सहीच्या जागी तिने एक कोल्हा काढला होता. पाठमोरा, शेपटी नीट दिसेल असा.